हसण्याचा शॉट

सिनेमात मी बहुतेक वेळा मरतो. मध्यंतराच्या आधी मेलो तर काम लहान, नंतर मेलो तर जरा मोठं, एवढाच फरक. मुंबईत कोणी गाव विचारलं आणि मी यवतमाळ जिल्हा सांगितला, की समोरच्याचा चेहरा आपोआप गंभीर होतो आणि मरायचाच रोल पुढे येतो. हवालदार म्हणून गोळी खाल्ली, गुंडाचा उजवा हात म्हणून गच्चीवरून पडलो, हिरोचा मोठा भाऊ म्हणून दवाखान्यातल्या पलंगावर लांबलचक उपदेश करून मान टाकली. दिग्रसच्या स्टँडवर एकदा एका बाईंनी मला बराच वेळ निरखलं आणि विचारलं, तुम्ही ते मेलेले ना? मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पण मी चांगला मरतो, हे मी स्वतःच सांगतो. मरायचं म्हणजे नुसतं डोळे मिटून पडायचं, असं लोकांना वाटतं. श्वास घेऊन मग रोखला तर छाती फुगलेली राहते आणि माणूस मेलेला नव्हे, रुसलेला दिसतो. श्वास पूर्ण सोडून रिकाम्या छातीनं थांबावं लागतं. पापण्या घट्ट मिटल्या तर त्या फडफडतात, म्हणून त्या नुसत्या टेकवायच्या. मोठमोठे नट प्रेत झाले की त्यांचं पोट हलतं आणि मग संकलकाला तो तुकडा गोठवून वापरावा लागतो. माझ्या बाबतीत अशी वेळ कोणावर आली नाही. कामं नीट मिळोत न मिळोत, ही एक गोष्ट मला येत होती आणि तिच्याबद्दल मी भलताच तापट होतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मरणाचा सीन झाला की कट म्हणाल्यावर त्या नटाला उठवतात आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावतात. कॅमेऱ्यात माणसाचं शेवटचं चित्र मेलेलं राहू नये, म्हणून. कोणीतरी ओरडतं, "दादा, एक हँसता हुआ!" आणि मग रक्ताचा रंग लावलेल्या तोंडानं आपण दात दाखवायचे. शिकलेसवरलेले दिग्दर्शकसुद्धा हे चुकवत नाहीत. मी पहिल्यांदा मेलो तेव्हा आईनं दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं. मग मी तिला ही रीत सांगितली आणि तिचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून मी मेलो की संध्याकाळी घरी फोन करायचा असा नेमच झाला. ती दुसरं काही विचारायची नाही.

"हासला काय, बाबू?"

"हासलो."

"बरं. जेवून घे."

आई माझे सिनेमे बघत नसे. बाबा मात्र सगळे बघत. बाबा दिग्रसच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. यवतमाळची गाडी कोणत्या फलाटावर लागली, पुसदची किती वेळात सुटेल, हे भोंग्यावरून सांगण्यात त्यांची उमर गेली. आवाज असा, की आमच्या गल्लीत घरात बसून लोक गाडी लागल्याचं ऐकत आणि मग चपला घालत. प्रत्येक घोषणेच्या शेवटी 'प्रवाशांनी घाई करू नये' हे वाक्य त्यांनी स्वतःचं जोडलेलं होतं. निवृत्त झाले आणि दम्यानं धरलं. आमचं घर जिनिंगच्या मागच्या गल्लीत. हंगामात कापसाची तूस उडते, ती खिडकीच्या जाळीवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि बाबांच्या छातीत तर बसतेच. घर बदलू म्हटलं तर ते ऐकायचे नाहीत. स्टँड जवळ होतं ना.

मग एक दिग्दर्शक आला. माझ्यापेक्षा वयानं बराच लहान, पुण्याचा, मोठ्या लोकांच्या नादी न लागता स्वतःच्या हिमतीवर सिनेमा करणारा. त्याच्या सिनेमात मला पहिल्यांदा न मरणारा रोल मिळाला होता. शहरातून परत आलेला मुलगा, वर्षानुवर्षं अबोल झालेला बाप, बाप मरतो आणि मुलगा गावातच राहतो, एवढीच गोष्ट. त्याला खरं घर हवं होतं, म्हणून मी त्याला आमच्या घरी नेलं. बाबांनी चहा आणून दिला आणि न विचारताच पुसद, दारव्हा, यवतमाळच्या गाड्यांच्या वेळा सांगितल्या. दिग्दर्शक चहा न पिता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, दादा, तुमचे बाबाच करतील बापाचं काम.

माझ्या बाबांना आयुष्यात एकच गोष्ट होती, आवाज. आणि त्यांना काम मिळालं ते न बोलणाऱ्या माणसाचं. पण ते हरखून गेले. गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटले, की डायलॉग नाहीत म्हणून काय झालं, नुसत्या चेहऱ्यानं काम करणं जास्त कठीण असतं. हे वाक्य माझंच होतं, मी कधीतरी फोनवर मारलेलं.

आई आधी काही बोलली नाही. बापाची तिरडीही निघणार आहे, हे कळल्यावर मात्र बोलली. तिचा राग दोन गोष्टींचा होता. एक तर जिवंत माणसाला तिरडीवर बांधायचं. आणि दुसरं, बापाच्या बायकोचं काम करायला पुण्याहून एक नटी येणार होती आणि ती आईच्याच घरात, आईच्याच आरशासमोर कुंकू पुसणार होती. मी तिला समजवायला गेलो, तर तिनं मला पुरतं बोलूच दिलं नाही. बाबांचा उत्साह बघून ती शेवटी गप्प झाली आणि शूटिंगच्या आदल्या दिवशी बहिणीकडे पांढरकवड्याला जायला निघाली. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागलेली होती. खिडकीतून हात काढून तिनं माझं मनगट धरलं.

"त्यायले उठवजो अन् हासवजो. नाई हासवलं तं मी वापस घरी येत नाई, सांगून ठेवतो तुले."

"हासवतो, आई."

"कॅमेऱ्यात पाहिजे. नुसतं असं नाई."

मी हो म्हणालो.

तिरडी गल्लीतल्याच लोकांनी बांधली. भाड्याचे लोक आणायची गरजच पडली नाही. बांबू कसे बांधायचे, दोर कुठे आवळायचा, हे त्यांना आम्ही काय सांगणार? सुरुवातीला सगळे थट्टा करत होते, तूच खांदा दे, तूच दे, असं चाललं होतं. बाबा पांढऱ्या कापडाखाली पडून सूचना देत होते. एकदा खांद्यावर घेतल्यावर मात्र कोणी हसलं नाही. माझ्या हातात धुराचं मडकं होतं आणि मागून माझा बाप येत होता. मी अभिनय करत नव्हतो, हे मला तेव्हा कळत होतं आणि त्याचा मला मोठा आनंदही होत होता. नटाची जात अशी असते.

खरी अडचण आली विसाव्यापाशी. आमच्याकडे अंत्ययात्रा अर्ध्या वाटेवर थांबते, तिरडी जमिनीवर टेकवतात, पुढचे खांदेकरी मागे जातात आणि मागचे पुढे येतात. गल्लीच्या टोकाला नाल्याचा पूल आहे, तिथंच हा विसावा. दिग्दर्शकाला तिथं बाप अगदी जवळून हवा होता, तोंडापासून पोटापर्यंत, सूर्य बुडता बुडता. आणि बाबांचं पोट हलत होतं. मी त्यांना सगळं शिकवलं होतं, श्वास सोडायचा, रिकामं थांबायचं. पण दम्याच्या माणसानं रिकाम्या छातीनं किती थांबायचं? टेकमागून टेक जात होता. ते सॉरी म्हणायचे आणि पुन्हा पडायचे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्या गल्लीसमोर मी त्यांना म्हणालो, "बाबा, थोडा वेळ मरता येत नाही का तुम्हाला?" कोणीतरी हसलं. बाबांनी पांढरं कापड पुन्हा गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

शेवटच्या टेकला उजेड जाता जाता जमलं म्हणायचं. कट झालं. मी लगेच ओरडलो, "एक हँसता हुआ!" दिग्दर्शकाला हे प्रकरण मी आधीच सांगितलं होतं. त्यानं छायालेखकाकडे पाहिलं, छायालेखकानं अंगठा दाखवला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला मी या डोळ्यांनी पाहिला. बाबा तिरडीवर उठून बसले, नाकातले बोळे काढले आणि कॅमेऱ्याकडे बघून असे हसले, की मी त्यांना तसं हसताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं. मग आपण होऊन, स्टँडच्या आवाजात म्हणाले, "पुसदकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. प्रवाशांनी घाई करू नये." सगळी गल्ली खो खो हसली. खांदेकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मी पांढरकवड्याला फोन लावला. हासले, म्हणालो. आई दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं घरी आली.

सिनेमा परदेशातल्या महोत्सवांत फिरला, नाव झालं. आपल्याकडे तो चार शहरांत लागला आणि उतरला, दिग्रसपर्यंत आलाच नाही. पण जाणकारांनी बघितला. त्यातल्या एकानं सगळं चांगलं लिहून शेवटी एक ओळ टाकली, की विसाव्याच्या प्रसंगात प्रेत श्वास घेताना स्पष्ट दिसतं. मला ती ओळ तोंडात मारल्यासारखी लागली. आयुष्यभर मी चोख मेलो आणि माझ्या बापानं माझ्या एकुलत्या एका बऱ्या सिनेमात माती खाल्ली. मी दिग्दर्शकाच्या मागे लागलो, की तो तुकडा गोठवून घे, अजूनही होतं. तो म्हणाला, राहू द्या दादा, उजेड फार चांगला आहे, गोठवला की मरतो तो. आमचं भांडण झालं आणि त्यानंतर बोलणंच बंद झालं.

बाबांनी तो प्रसंग माझ्या मोबाइलवर पाहिला. चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाजवळ धरून. मी वाट बघत होतो, की त्यांना चूक दिसते की नाही. दिसली.

"मेलो तरी दमा काही सुटला नाई," म्हणाले, आणि खोकला येईपर्यंत हसले.

त्या सिनेमानं माझं काही बदललं नाही. लोक त्याचं कौतुक करायचे आणि काम द्यायचे मरायचंच. मधली वर्षं अशी गेली. मग गेल्या हंगामात कापूस जिनिंगला यायला लागला आणि बाबांना धाप लागली, ती उतरलीच नाही. यवतमाळच्या दवाखान्यात नळ्या लावून ठेवलं होतं. मी पोचलो तेव्हा ते बोलू शकत नव्हते. सिनेमातल्यासारखंच होतं सगळं. मुलगा शहरातून आलेला, बाप मुका. मला त्या सिनेमाचा त्या क्षणी मनापासून राग आला.

बाबांना घरी आणलं. गल्लीतलेच लोक तिरडी बांधायला आले, बहुतेक तेच. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. मडकं माझ्या हातात होतं. नाल्याच्या पुलाशी आलो आणि विसाव्याला तिरडी खाली टेकवली. आता पुढच्यांनी मागे जायचं, मागच्यांनी पुढे यायचं, उचलायचं आणि निघायचं. पण कोणी हललं नाही. सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. पहिल्यांदा मला वाटलं, दमले असतील. मग माझ्या लक्षात आलं, की मीही तेच करतो आहे. आम्ही सगळे जण कट म्हणण्याची वाट बघत होतो. ते इथंच उठून बसले होते. याच पुलावर, याच लोकांसमोर. माझी नजर त्यांच्या पोटावर होती. ते हललं नाही. रिकाम्या छातीनं, पापण्या नुसत्या टेकवलेल्या. मी शिकवलं होतं तसं, बिनचूक. मला तिथं ओरडून रडायचं होतं आणि रडू आलं नाही. शेवटी शेजारचे काका पुटपुटले, "चला गड्याहो, उचला आता." तेव्हा कुठे लोक हलले.

तेरवी झाली. पाहुणे गेले. दुपारी आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, मी भिंतीला टेकून बसलो होतो. तिनं मान वर न करता विचारलं.

"बाबू, थो शॉट दाखोतं मले? तुह्ये बाबा उठून हासले थो. बोललेबी म्हणे गाडीचं."

तो सिनेमात नाही, हे तिला माहीत होतं. पण कॅमेऱ्यात आहे, हे तिला मीच सांगितलं होतं. आमच्याकडे बाबांचं चालतंबोलतं असं दुसरं काही नव्हतं. मोबाइल समोर धरला की ते काठीसारखे ताठ व्हायचे. एका लग्नाच्या व्हिडिओत ते पंगतीच्या मागून ताट घेऊन जातात, तेही पाठमोरे. तो भोंग्यावरचा आवाज कोणी कधी साठवून ठेवायचा विचारच केला नव्हता. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण साठवतं? आईला आता तो आवाज हवा होता. मी म्हणालो, मागवतो.

मी दिग्दर्शकाला फोन लावला. इतक्या वर्षांचा अबोला होता, पण त्यानं बाबांची बातमी ऐकली होती आणि तो रडला. सगळं जुनं चित्रण शोधतो म्हणाला. शोधलंही त्यानं. मग त्यानं मला छायालेखकाशी बोलायला सांगितलं आणि त्याच्या आवाजावरून मला काय ते कळलं.

छायालेखक बिचारा सरळ माणूस. म्हणाला, दादा, कार्ड भरत आलं होतं, उजेड गेला होता, मी लाल दिवा लावला पण रोल केलं नाही, कॅमेरा चालूच नव्हता. मग म्हणाला, "तो शॉट कुणीच घेत नाही, दादा. आर्टिस्टच्या समाधानासाठी नुसतं म्हणतात. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी बंद कॅमेऱ्यांसमोर दात काढत आलो होतो आणि संध्याकाळी फोन करून आईला हासलो म्हणून सांगत होतो. त्याच्यावर चिडावं असंही काही नव्हतं. त्यानं जगरीत पाळली होती. मी फोन ठेवला आणि परसात जाऊन उभा राहिलो. वाळत घातलेल्या बाबांच्या धोतरावर तूस बसली होती.

आईला खोटं सांगायचं माझ्या मनात आलं. हरवलं, जळलं, काहीही. पण तिनं माझं तोंड पाहिलं आणि मला बोलावंच लागलं. कॅमेरा बंद होता, म्हणालो. ती हातातली शेंग सोलत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाली, मंग जे आहे ते लाव.

ती तो सिनेमा बघेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी लॅपटॉप ओसरीवर आणला आणि शेवटचा भाग लावला. तिच्याच घराची चौकट, तिचाच आरसा, त्यासमोर ती नटी कुंकू पुसत होती. मला पुढे ढकलायचं होतं, आईनं हातानं थांबवलं. नीट बघितलं.

"बरी रडते हे बाई," म्हणाली. "मले तं रडताच नाई आलं."

मग गल्ली, मडकं घेतलेला मी, पूल. तिरडी टेकली. बाबा पोटापर्यंत पडद्यावर भरले, तोंड उतरत्या उन्हात पिवळंधम्मक. मी तिकडे बघत नव्हतो, आईकडे बघत होतो. ती पुढे वाकली. पदरानं चष्मा पुसला, पुन्हा वाकली. मग तिनं बोट पडद्यावर टेकवलं, कापडाखाली जिथं पोट होतं तिथं.

"श्वास घेऊन राह्यले."

"हो."

"पाह्य ना. दमा लागला की असंच करत. आधी दोन बारके, मंग एक मोठा."

तसंच होतं. दोन बारके, एक मोठा. मी तो प्रसंग चूक शोधायला इतक्यांदा पाहिला होता आणि मला नुसतं हलणारं पोट दिसलं होतं. आईला तिच्या शेजारी झोपणारा माणूस दिसत होता. पडद्यावर खांदेकरी वाकले, तिरडी उचलायला हात घातले, तशी ती म्हणाली, "थांबव. पुढं नको." मी थांबवलं. "मांगं घे." मी मागे घेतलं. दोन बारके, एक मोठा. शेंगा तशाच पडल्या होत्या. ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत मी मागे घेत राहिलो आणि तिरडी एकदाही उचलू दिली नाही. मला रडू आलं ते तेव्हा. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, नुसता गुडघ्यावर हात ठेवला.

मी मुंबईला निघालो तेव्हा ती स्टँडपर्यंत आली. भोंग्यावर आता कोण्या पोरीचा साठवलेला आवाज असतो, सगळ्या गावांची नावं सारख्याच सुरात घेते. गाडी निघायच्या आधी आई खिडकीपाशी आली.

"आता हासाचं राहू दे. मेल्यावर थोडा श्वास दिसू देत जाय, बाबू. घरच्यायले पाहाले बरं असते."

पुढच्याच आठवड्यात मी मेलो. मोठा सिनेमा, मोठा हिरो, पावसाचं यंत्र लावलेलं, आणि मी चिखलात उताणा. मी श्वास थोडा राहू दिला. लगेच कट झालं. पोरसवदा सहायक धावत आला आणि अदबीनं म्हणाला, सर, पेट हिल रहा है. मी सॉरी म्हणालो. दुसऱ्या टेकला श्वास पूर्ण सोडला, रिकाम्या छातीनं पडून राहिलो आणि एका फटक्यात ओके झालं. कोणता टेक ठेवणार, हे मला ठाऊक होतं. कोणीतरी ओरडलं, एक हँसता हुआ. लाल दिवा लागला. मी हसलो.

संध्याकाळी घरी फोन केला.

"दिसला काय श्वास?"

"दिसला," मी म्हणालो.

"बरं," आई म्हणाली. "जेवून घे."